दप्तर घेऊन रत्नागिरीला

लोक सहलीला निघताना कपडे भरतात, आम्ही पाणी भरतो. घरच्या फिल्टरचं, दोन मोठे कॅन आणि शिवाय प्रत्येकाची वेगळी बाटली. गाडीची अर्धी डिकी त्यातच गेली. हे माझं खूळ आहे आणि मला त्याची मुळीच लाज नाही. बाहेरचं पाणी मुलांच्या पोटात गेलं की पुढचं सगळं कुणाला निस्तरावं लागतं ते मला माहीत आहे. समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काय गं, राजस्थानला चाललात का?" म्हटलं, "नाही काकू, रत्नागिरीला." त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही.

निघालो आम्ही चौघं. मी अंबरनाथला एका औषधांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. नवरा मिलिंद उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. मुलगा सम्यक, पाच वर्षांचा, त्याला खरेखुरे मोठे मासे बघायचे होते. आणि तिसरीतली प्रज्ञा, जिला कुठेच जायचं नव्हतं. हा सगळा घाट खरं तर तिच्यासाठी घातला होता.

ती बालवाडीत असतानाची गोष्ट. आम्ही हेंद्रेपाड्यात राहतो, बदलापूर पश्चिमेला, तळमजल्यावर. त्या पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या घरात आली. मिलिंद प्रज्ञाला खांद्यावर घेऊन जिना चढला, आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून तिने आपलं गुलाबी दप्तर दारातून बाहेर तरंगत जाताना पाहिलं. त्याच्या मागे कुणी गेलं नाही. जाणं शक्यही नव्हतं. तेव्हापासून नवं दप्तर तिने जमिनीला टेकू दिलेलं नाही. घरी पोटाशी, रिक्षात पोटाशी, वर्गात मांडीवर. मांडीवर दप्तर घेऊन लिहायचं म्हणजे अक्षर वेडंवाकडं येणारच, आणि शेजारची पोरं हसणारच. शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "ताई, बाकी मुलगी हुशार आहे हो. तिला फक्त दप्तर खाली ठेवायला शिकवा." आम्ही समजावलं, रागावलो, चॉकलेटची लालूच दाखवली. काही उपयोग झाला नाही. नदीवरच्या पुलावरून जाताना तर ती डोळे घट्ट मिटून घेते.

शेवटी मिलिंद म्हणाला, "हिने आतापर्यंत वाईटच पाणी बघितलंय. जरा चांगलं पाणी दाखवू ना हिला. समुद्र, मासे, सगळं. नुसतं बोलून काय होणार?"

आता गाडीबद्दल. गाडी मनूसेठची. मनूसेठ मिलिंदच्या कारखान्याला कापड पुरवतो आणि दोघांची दोस्ती सख्ख्या भावांना लाजवेल अशी आहे. चावी देताना तो म्हणाला, "मिलिंद साईं, गाडी तेरी. बस, वो स्टिकर मत निकालना." पुढच्या काचेवर झुलेलालांचा, म्हणजे सिंधी लोकांच्या देवाचा स्टिकर आहे: पांढरी दाढी, हातात पोथी, आणि बसलेत चक्क माशावर. खाली नदी. सम्यकचे प्रश्न बदलापूर सुटायच्या आत सुरू झाले. ते आजोबा ओले होत नाहीत का? मासा बुडी मारतो तेव्हा ते काय करतात? प्रज्ञाही त्या स्टिकरकडे बघत होती. तिचं दप्तर मांडीवर होतंच. सहलीला दप्तर कशाला, हा प्रश्न आमच्या घरात आता कुणी विचारत नाही.

मनूसेठच्या बायकोने डबाभर दाल-पकवान दिलं होतं, म्हणजे डाळ आणि मोठ्या कडक पुऱ्या. उल्हासनगरच्या इतक्या जवळ राहून दाल-पकवान आवडत नाही म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. पण हा पदार्थ चालत्या गाडीत खायचा नसतो, हे मी अनुभवाने सांगते. कर्जतच्या पुढे एका खड्ड्यात चारही पकवान एकदम फुटले आणि परत येईपर्यंत आम्ही सीटवरचे तुकडे वेचत होतो.

महाड

महाडला चवदार तळ्यावर थांबल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी कोकणात पुढे जात नाही. मिलिंदच्या पणजोबांचं गाव इथून जवळच. त्यांच्या काळी या तळ्यावर गुरं पाणी पीत, कुत्री पीत, आणि आमच्या माणसांनी मात्र हात लावायचा नाही. पणजोबा इतरांबरोबर इथे आले, ओंजळभर पाणी प्यायले आणि फुटलेलं डोकं घेऊन घरी गेले. ही गोष्ट आमच्याकडे पोरांना चालता यायच्या आधी ऐकायला मिळते. म्हणून पायऱ्या उतरायच्या, पाण्याला हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा आणि मग पुढची वाट धरायची, अशी घरची रीतच आहे.

मिलिंद उतरला, मी उतरले. सम्यक उड्या मारत उतरला आणि त्याने ओंजळ भरून सरळ तोंडाकडे नेली. मी झटक्यात त्याचा हात खाली केला. "ए! बाहेरचं पाणी प्यायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय? बाटली आहे ना गाडीत?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं.  तो जे बोलला नाही ते मला पार पोलादपूरपर्यंत ऐकू येत होतं.

प्रज्ञा सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती, दप्तराला दोन्ही हातांनी मिठी मारून. "मम्मी, मी इथूनच नमस्कार करते," ती म्हणाली. ज्या पाण्यासाठी पणजोबांनी डोकं फोडून घेतलं, त्याच्यापासून त्यांच्या घरातली ही लेक चार हात लांब उभी होती. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. चला, उशीर होतोय, असं म्हणून मी सगळ्यांना गाडीत कोंबलं.

खाडीकाठी

उतरलो ते रत्नागिरीच्या अलीकडे एका खाडीकाठच्या गावात, शालनकाकी आणि बाळाकाका यांच्या घरी. दोन खोल्या भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांसाठी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या टोकाला कमरेएवढा गडगा, नुसते दगड रचून केलेली भिंत. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि गडग्यापलीकडे नुसता चिखल पसरलेला, त्यात बगळे. खाडी कुठेतरी लांब चकाकत होती. प्रज्ञाने गडग्यावरून डोकावून अंतराचा अंदाज घेतला आणि मग जरा मोकळा श्वास घेतला.

जेवायला तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आमच्याकडे मासे म्हणजे बर्फात दोन दिवस काढलेले. इथला बांगडा खाल्ल्यावर मिलिंद एवढंच म्हणाला, "आपण इतके दिवस काय खात होतो गं?" काकी खूश झाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.

दुसऱ्या दिवशी काका-काकी शेजारच्या वाडीत साखरपुड्याला गेले. "भात-आमटी झाकून ठेवलीय, दुपारपर्यंत येतोच," असं सांगून गेले. घर आमच्यावर सोपवून. आणि पुढे जे झालं ते बदलापूरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

ऐन दुपारची वेळ. लख्ख ऊन. मिलिंद अंगणात दाढी करत होता, तो अर्ध्या दाढीने आत आला. "अगं, पाणी गडग्याला लागलं!"

मी बाहेर येऊन पाहिलं. कालचा चिखल नव्हता, बगळे नव्हते. पाणी, सगळीकडे पाणी, गडग्याच्या दगडांना डुचमळत होतं आणि बघता बघता वर सरकत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आता पाऊस नसताना पाणी चढायला लागलं, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच.

"वरून धरणाचं सोडलं असणार," मिलिंद म्हणाला.

"असणारच," मी म्हटलं.

बस. पुढे आम्ही एक शब्द न बोलता कामाला लागलो. पुराच्या वेळी कुणी काय करायचं हे आमच्या घरात ठरलेलं आहे. मिलिंदने गाडी काढली आणि देवळाच्या चढावर नेऊन उभी केली. मी गॅस बंद केला, मीटरचं बटण पाडलं, टीव्ही उचलून पलंगावर ठेवला, मिक्सर कपाटावर, तांदळाचे डबे फळीवर. मिलिंद धापा टाकत परत आला, आणि आम्ही दोघांनी मिळून भाताचं पोतं माळ्यावर चढवलं. काकीच्या ठेवणीतल्या चादरी, काकांचा रेडिओ, देवघरातल्या तसबिरी, सगळं वर. सम्यकलाही हुरूप आला. त्याने अंगणातली एक कोंबडी पकडली आणि शिडीवरून तिलाही माळ्यावर पोचवलं.

प्रज्ञा खाटेवर उभी होती, दप्तर पाठीला लावून. रडत नव्हती. उलट आम्हाला आठवण करून देत होती. "मम्मी, चार्जर. पप्पा, चपला वर घ्या. मम्मी, काकींच्या औषधांचा डबा खाली राहिला." आठ वर्षांच्या पोरीचं ते सराईतपण बघत मी हातातला डबा घेऊन उभीच राहिले. बदलापूरला आमच्या घरी टीव्ही भिंतीवर पार वर, डबे वर, कपडे वर. खाली फक्त आम्ही राहतो. मग तिने दप्तर खाली ठेवावं अशी अपेक्षा आम्ही कुठल्या तोंडाने करत होतो?

तेवढ्यात काकी आली. अंगावर साखरपुड्याची जरीची साडी. तिने पलंगावरचा टीव्ही पाहिला, रिकाम्या भिंती पाहिल्या. "चोर आले काय गो?"

"काकी, पाणी!" अर्ध्या दाढीचा मिलिंद ओरडला.

"कसलं पाणी?"

मिलिंदने बोटाने दाखवलं. काकीने बाहेर पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा बाहेर. "अगो बाई! उधाणाची भरती ती. काल पुनव नाय झाली?" आणि ती पायरीवर बसून जी हसत सुटली, की शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून बघायला आली. बाळाकाकांना मात्र हसू येत नव्हतं, कारण त्यांना एक कोंबडी कमी दिसत होती. ती माळ्यावरून ओरडली तेव्हा कुठे तेही हसले.

समुद्राला भरती-ओहोटी असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पाणी दाराशी आलं की शाळेतलं कुणाला आठवतं?

सगळं सामान परत खाली आणल्यावर काकीने प्रज्ञाला जवळ बोलावलं. "ये गो बाय. तुला गंमत दाखवते." पाणी गडग्याला जिथपर्यंत भिजवून थांबलं होतं, तिथल्या फटीत तिने एक चपटा दगड खोचला. "आता ह्याच्यावर नजर ठेव. ह्याच्या वर पाणी येणार नाय. आता मागे जाईल."

"कशावरून?"

"बघ ना तूच. मी सांगून काय उपयोग?"

प्रज्ञा गडग्याजवळ बसली. जेवायला हाक मारली तर ताट तिथेच मागून घेतलं. दगड कोरडा राहिला. मग दगडाखालचा ओला पट्टा रुंद होत गेला, पाणी बोटभर मागे, वीतभर मागे, आणि उन्हं कलेपर्यंत कालचा चिखल आणि कालचे बगळे पुन्हा जागेवर. चिखलातून इवले इवले खेकडे बाहेर आले तेव्हा ती मोठ्याने हसली. मी स्वयंपाकघरातून ते ऐकलं आणि काकीचा हात धरला.

"काकी, मग आमची नदी का नाही अशी सांगून येत?" प्रज्ञाने विचारलं.

 "तुमची नदी मी बघितलेली नाय गो," काकी म्हणाली. "तिचं मला काय माहीत?" उगाच समजूत घातली नाही, हे मला फार आवडलं.

मत्स्यालय

तिसऱ्या दिवशी रत्नागिरीचं मत्स्यालय. आत अंधूक उजेड, दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, आणि त्यांतून येणारा हिरवट प्रकाश सगळ्यांच्या तोंडावर. सम्यकने पहिल्याच काचेला नाक चिकटवलं. प्रज्ञा दारातच थांबली. दोन्हीकडे तिच्या डोक्यापेक्षा उंच पाणी होतं आणि मधून चालायचं होतं.

"पप्पा, काच फुटली तर?"

"नाही फुटत, जाड असते," असं मी म्हणणार होते. मिलिंदने मला हाताने थांबवलं. त्याने खिशातून टेप काढली. कटिंग मास्तर कुठेही गेला तरी त्याची टेप बरोबर असते. आमच्या लग्नातही ती त्याच्या खिशात होती. त्याने टाकीची लांबी-उंची लांबूनच अजमावली, खाली उकिडवा बसून एक फरशी मापली, मग फरश्या मोजत टोकापर्यंत जाऊन आला. लोक बघत होते. मी ओळख नसल्यासारखी एका तारामाशाकडे बघत राहिले.

"हे बघ," तो प्रज्ञाला म्हणाला, "कापडाचा गठ्ठा उंच दिसतो. पण टेबलभर पसरला की किती उरतो? आलीयेस ना माझ्या कारखान्यात? तसंच हे. ही टाकी फुटली आणि पाणी या सगळ्या खोलीत पसरलं, तर घोट्यापर्यंतही येणार नाही."

"दोन फुटल्या तर?"

त्याने पुन्हा हिशेब केला. "घोटा बुडेल."

"म्हणजे दप्तरापर्यंत नाही."

"छे! दप्तर कुठल्या कुठे."

तिने पायाचा घोटा पाहिला, दप्तर पाहिलं आणि आत पाऊल टाकलं.

पुढे गंमतच झाली. आमच्याच बरोबर एक आजी नातवंडांना घेऊन फिरत होत्या, बहुधा इथल्याच बंदरावरच्या. पोरं विचारायची, आजी, हा कुठला? आणि आजी सांगायच्या, "हा कालवणाला." "हा तळून." "ह्याला काटे फार, मांजरालाच घालावा." सम्यक त्यांच्या मागोमाग फिरायला लागला. प्रज्ञा मात्र झुलेलालांचा मासा शोधत होती. एवढ्या मोठ्या दाढीवाल्या आजोबांना पाठीवर घेईल असा एकही मासा टाक्यांत नव्हता. मग देवमाशाचा सांगाडा आला. बराच वेळ दोघं बहीण-भाऊ त्याच्यासमोर तोंड उघडं टाकून उभी राहिली.

"दीदी, हाच तो," सम्यक म्हणाला. "आजोबा उल्हासनगरला उतरले आणि हा एकटाच परत आला."

"मग आजोबा पुढे कसे गेले?"

"मनूकाकांच्या गाडीने."

शेवटच्या एका टाकीत तळाच्या वाळूत एक पाकट पडलं होतं. चपटं, वाळूच्याच रंगाचं, फक्त डोळे वर. ते नीट दिसावं म्हणून प्रज्ञा खाली बसली, वाकली, आणखी वाकली. पोटाशी धरलेलं दप्तर फरशीला टेकलं. मी मिलिंदला कोपराने ढोसलं.  "हा तर सगळ्यात खाली राहतो," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि मजेत आहे." मग तिला कळलं, तिने दप्तर चटकन वर घेतलं आणि खालची धूळ झटकली. तरी चालेल, म्हटलं मी मनात. एकदा टेकलं तर खरं.

परत

काकीने निघताना कोकमं दिली, खोबऱ्याच्या वड्या दिल्या आणि मिलिंदला सांगितलं, "पुढच्या टायमाला पुनव बघून या. आणि कोंबड्यांना हात लावायचा नाय." गाडी चालू झाली तरी ती गडग्याशी उभी राहून हसत होती.

परतीच्या वाटेवर महाडला मी थांबूया म्हटलं नव्हतं. एकदा थांबणं झालं होतं, आणि मुलं दमलेली. पण मागून प्रज्ञाच म्हणाली, "पप्पा, तळ्यावर थांबायचं?"

ती पुढे, आम्ही मागे. वरच्या पायरीवर ती नेहमीसारखी थांबली. "ह्याला भरती येते?"

"नाही," मिलिंद म्हणाला. "हे आहे तिथेच असतं."

माझ्या लेकीने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि बरंच केलं. ती एकेक पायरी उतरली, पाण्याच्या कडेला एक चपटा खडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. आम्हीही बसलो. सम्यक चुळबुळ करत होता, त्याला मी खोबऱ्याची वडी दिली. खडा कोरडाच राहिला.

मग तिने एका हाताने दप्तर धरून दुसरा हात पाण्यात घातला. पाणी बोटांमधून गळून गेलं. पुन्हा घातला, पुन्हा गळालं.

"दीदी, असं नाही गं," सम्यक तोंडात वडी घेऊन म्हणाला. "दोन्ही हात लागतात."

तिने दप्तराकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचे बंद काढले आणि दप्तर पायरीवर ठेवलं. नीट, उभं, पाण्यापासून दोन पायऱ्या वर. "लक्ष ठेव," तिने सम्यकला बजावलं. तो दप्तराला पाठ लावून शिपायासारखा उभा राहिला. मिलिंदने तोंड दुसरीकडे वळवलं. मला काही लपवायचं नव्हतं, मी सरळ रडत होते.

प्रज्ञाने ओंजळ भरली. काठोकाठ. तशीच धरून ती माझ्याकडे वळली.

"मम्मी, पिऊ?"

वर गाडीत माझे दोन कॅन होते, घरच्या फिल्टरचे, त्यातला एक अजून उघडलाही नव्हता. जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. मिलिंद पुन्हा तसाच माझ्याकडे बघत होता.

"पी," मी म्हटलं. "एक घोट पी."

ती प्यायली. मग मी तिच्या शेजारी बसले, ओंजळ भरली, आणि मीही प्यायले.